आर.ई.एम. क्रमाने शिकताना : चौथा महिना, आणि हातात मेंडोलिन

मंडळी, चार महिने झाले. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडची गाणी ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने शिकायची, मध्येच उडी मारायची नाही, हा नियम अजून पाळते आहे. 1981 पासून निघाले, 1991 ला पोचले, आणि या महिन्यात पहिल्यांदाच गिटार भिंतीला टेकवून मेंडोलिन हातात घेतलं.

आधी गिटारची खबरबात. उजवा हात सुधारलाय. बँडचा गिटारवादक पीटर बक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकदम झोडपण्यापेक्षा तारा सुट्या सुट्या छेडतो आणि शेजारच्या मोकळ्या तारा मध्ये गुंजत ठेवतो. डाव्या हाताला फारसे कष्ट नाहीत, खरं काम पिकचं, म्हणजे तारा छेडायच्या चकतीचं. माझं पिक तिसऱ्या तारेवरून पहिलीकडे जाताना दुसरीला घासायचं. ते आणखी आत धरलं, टोक जेमतेम 3 मिलिमीटर बाहेर ठेवलं, तेव्हा घासणं थांबलं. तुमच्यापैकी कुणाचं हेच अडलं असेल तर आधी हे करून बघा.

आता हे सगळं उगवलं कुठून, ते सांगते. जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. बक तिथल्या वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. मायकल स्टाइप, पुढे बँडचा गायक, हा चित्रकलेचा विद्यार्थी तिथे यायचा आणि बकने स्वतःसाठी बाजूला काढलेल्या रेकॉर्डच नेमक्या उचलायचा. ओळख त्यातून झाली. बास वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रमवाला बिल बेरी हे मेकन गावातल्या शाळेपासूनचे जोडीदार. 5 एप्रिल 1980 ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, बक आणि स्टाइप राहायचे त्या जुन्या चर्चमध्ये, चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले. चर्च नंतर पाडलं, फक्त मनोरा उरलाय. गावातला द बी-फिफ्टीटूज हा बँड आधीच नावारूपाला आला होता, म्हणजे अथेन्समधूनही बाहेर जाता येतं हे या पोरांना माहीत होतं. मग एक व्हॅन, दक्षिणेतली गावोगावची छोटी ठिकाणं, आणि जेवणाला माणशी दिवसाला 2 डॉलर.

पहिलं गाणं, ‘रेडिओ फ्री युरोप’, एप्रिल 1981 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मिच ईस्टर या निर्मात्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं. स्टुडिओ म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या घराचं गॅरेज! हिब-टोन या छोट्या कंपनीने सुरुवातीला 1000 प्रती काढल्या. हे गाणं मी दोन्ही रूपांत बसवलं : गॅरेजमधलं आणि 1983 च्या ‘मर्मर’ अल्बममधलं. अल्बममधलं जरा संथ आहे, त्यामुळे शिकायला तेच सोपं. पण मला गॅरेजमधलं जास्त आवडतं. त्यात घाई आहे, आणि ती घाई उसनी वाटत नाही.

‘मर्मर’ची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. नवीन कंपनी आय.आर.एस.ने आधी स्टीव्हन हेग हा निर्माता दिला. त्याने एकाच गाण्याचे टेकवर टेक घ्यायला लावले, मेट्रोनोमला (ठरावीक गतीचे ठोके देणाऱ्या यंत्राला) बांधून वाजवून घेतलं, वर त्यांना न विचारता कीबोर्ड भरले. चौघांनी ते नाकारलं आणि पुन्हा मिच ईस्टरकडे गेले, सोबतीला डॉन डिक्सन. मी सरावाला मेट्रोनोम लावतेच, त्याशिवाय माझा हात पळतो. पण ‘मर्मर’ची गाणी बसली की तो बंद करते. बेरीचा ठेका ऐकत वाजवलं की तारा जास्त मोकळ्या बोलतात.

क्रमाने शिकल्यामुळे एक गोष्ट बोटांना कळली. हा बँड मोठा होताना त्याचा हात बदलला नाही. अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ‘मर्मर’ 36 वर, पुढचे तीन अल्बम 27, 28 आणि 21 वर, मग 1987 चा ‘डॉक्युमेंट’ 10 वर. पायरी पायरीने, मध्ये एकदा किंचित घसरून. त्याच अल्बममधलं ‘द वन आय लव्ह’ हे त्यांचं पहिल्या दहात गेलेलं पहिलं गाणं. ते इ मायनरमध्ये आहे आणि हात तोच, गॅरेजवाला. कोरसमध्ये तर एकच शब्द. लोक ते प्रेमगीत म्हणून एकमेकांना ऐकवतात, पण शब्द नीट ऐकले तर ते चांगलंच निष्ठुर गाणं आहे. आणि गाणं कुणीही आणलं तरी श्रेय चौघांच्या नावावर. एवढी वर्षं ते टिकले याचं मोठं कारण मला यात दिसतं.

आता मेंडोलिन. 1988 मध्ये ते वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे गेले, आणि 1991 च्या ‘आउट ऑफ टाइम’मध्ये ‘लूझिंग माय रिलिजन’ आलं. बक तेव्हा मेंडोलिन नुकतंच शिकत होता. टीव्हीसमोर बसून वाजवताना टेप चालू होता. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर नवशिक्याच्या खुडबुडीत ही धून सापडली. तेव्हापासून मीही सराव फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. (‘लूझिंग माय रिलिजन’ या शब्दांचा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बोलीतला अर्थ सहनशक्ती संपणे, धर्माशी संबंध नाही. आणि गाण्याचा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगने केलाय!) गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं, अल्बम पहिल्या, आणि तेही त्या अल्बमसाठी दौरा न करता.

माझी अडचण ए मायनर या कॉर्डची. मेंडोलिनवर जाड तारांच्या दोन जोड्या दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी) पहिल्या बोटाने दाबायच्या, म्हणजे एका बोटाखाली चार तारा. पहिले आठ दिवस त्यातली एक तरी मुकी राहायची. अंगठा मानेच्या मागे थोडा खाली सरकवला, तेव्हा चारही बोलल्या. त्यात सर्वांत बारीक तार तुटली, आणि दुकानातून टोकाला गोळी असलेल्या तारा आल्या. माझ्या मेंडोलिनला टोकाला फासा असलेल्या लागतात. मागवताना हे आवर्जून सांगा, माझे पाच दिवस गेले.

सध्या मिनिटाला 108 ठोक्यांवर एफ कॉर्डवरून ए मायनरला जाताना आवाज तुटत नाही. मूळ गाणं 125 च्या आसपास आहे. दर आठवड्याला चार ठोके वाढवते आहे.