कार्यमुक्तीच्या एका सहीसाठी

प्रशिक्षणाच्या यादीत नाव आलं, लिंक भरून झाली, रत्नागिरीत राहायची सोय बहिणीकडे झाली. प्रशिक्षणही चांगलं झालं. अडलं ते आमच्याच शाळेत, मुख्याध्यापकांच्या टेबलावर.

गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. प्रशिक्षणाला जायचं तर शाळेचं कार्यमुक्ती पत्र, म्हणजे तेवढ्या दिवसांसाठी शाळेच्या कामातून मोकळं केल्याचं पत्र, लागतं. दोन ओळींचा मजकूर आणि खाली सही. पण सरांना त्या दोन ओळी वाचायला सवड होईना. सकाळी शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवरची वेतन देयकं, मग पोषण आहाराची माहिती, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरच्या दुरुस्त्या, मध्येच ऑनलाइन सभा. ती संपते न संपते तोच ‘माहिती आजच सादर करा’ असा निरोप. शिवाय त्यांचे स्वतःचे दहावीचे तास. “बाई, उद्या बघू.” लिपिकाला विचारलं तर कागद सरांकडे, सरांकडे जावं तर ते तालुक्याला गेलेले. आदल्या संध्याकाळपर्यंत सही झाली नसती, तर तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरी गाठणं जमलंच नसतं. त्या आठवड्यात माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं आणि त्याचा राग मला आजही आहे.

सर कामचुकार नाहीत. उलट सगळं स्वतःच करतात, आणि खरी अडचण तीच. अर्ध्याहून जास्त माहिती लिपिक किंवा ज्येष्ठ शिक्षक भरू शकतात. माझ्या पत्रात प्रश्न एकच होता, नववीचे तास कोण घेणार? दहा मिनिटं एकत्र बसलो असतो तर सुटला असता.

शेवटी बदली तासिकांचा तक्ता मीच केला, सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि परिपाठाआधी ऑफिसच्या दारात उभी राहिले. सरांनी उभ्याउभ्याच सही केली. तुम्हीही रिकामा अर्ज नेऊ नका, तक्ता जोडूनच न्या. दुपारनंतर तर जाऊच नका.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. मुख्याध्यापकांसाठीही तेवढीच. आमच्याकडे हे तास दीक्षा या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर, रात्री जेवणं आटोपल्यावर भरतात. डोळे मिटत असताना व्हिडिओ पुढे सरकतो, प्रमाणपत्र मिळतं, वर्गात काही उतरत नाही. शिकून आल्यावर ते सहकाऱ्यांना दाखवायला, एकमेकांचे तास बघायला वेळ लागतो. तो मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच काढून ठेवावा लागतो, उरलेल्या वेळात तो कधीच सापडत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास फक्त यासाठी द्यावा आणि जूनमध्ये वार्षिक नियोजन करतानाच कोणाच्या जागी कोण तास घेणार हे ठरवावं, असं मी सरांना लेखी दिलं आहे. शनिवारचा तास त्यांनी मान्य केला. दुसऱ्या मागणीचा पाठपुरावा मी सोडणार नाही.

आणि हो, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. माझा पहिला अर्ज सापडेना, तेव्हा तीच कामी आली.