संकासुर, सुतळी आणि पिस्त्याची टरफलं

रविवार, रात्री उशिरा

सोसायटीच्या गणपतीतलं फॅन्सी ड्रेस झालं एकदाचं. नखांतला काळा रंग काही निघत नाहीये आणि उद्या सकाळी मीटिंग आहे, पण आत्ताच लिहून ठेवते नाहीतर पुढच्या वर्षी कोणी विचारलं की मला काही आठवायचं नाही.

चिरंजिवांना मॉन्स्टरच व्हायचं होतं. गेल्या वर्षी वांगं झाला होता, पण आता पहिलीत गेल्यावर वांगं म्हणजे घोर अपमान. भाड्याच्या दुकानात हिरवा रबरी मास्क आणि फरचा ड्रेस होता, भाडं 700, डिपॉझिट हजार, आणि मास्कला आतून आधीच्या सगळ्या पोरांच्या घामाचा वास. म्हटलं हा परका राक्षस हवाय कशाला, आपल्याकडे घरचा आहे की. संकासुर! कोकणातल्या शिमग्यात सोंग घेऊन दारोदार फिरतो तो.

माझं माहेर गुहागरकडचं. शिमग्यात संकासुर दिसायच्या आधी ऐकू यायचा, कमरेची घुंगरं वाजायला लागली की आम्ही पोरं सरळ माळ्यावर. काळा अंगरखा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, हातात दोरी. नवरा कुडाळचा, त्यामुळे त्याच्या डोक्यात दशावतारी नाटकातला संकासुर, वेद चोरणारा, मालवणीत भंकस करणारा आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणारा. त्याच्या मते टोपीबिपी काही नाही. बराच वेळ वाद घातला आम्ही, पण मुखवटा मी करणार होते म्हणून माझा संकासुर फायनल.

मुखवट्यासाठी फुगा फुगवला, मैद्याची खळ शिजवली आणि जुन्या पेपरच्या पट्ट्या चिकटवत बसले. पट्ट्या हातानेच फाडायच्या, कात्रीने कापलेल्या कडा जाड दिसतात, फाडलेल्या एकमेकींत मिसळून जातात. खरी कटकट वाळवण्याची, गणपतीच्या दिवसांतल्या हवेत पापड वाळत नाही तिथे हे काय वाळणार. नवरा हेअर ड्रायर घेऊन आलाच, त्याला हाकललं, कारण आतली हवा तापली की फुगा फुगतो आणि ओले थर सुटतात. एकेक थर रात्रभर पंख्याखाली, मगच पुढचा. आणि खळीला बुरशी धरते. आईने फोनवर सांगितलं की पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, तू पण घाल. अगं आई, ते विष आहे, पोराच्या नाकातोंडाशी येणार ते! शेवटी मीठ घातलं थोडं.

दात पिस्त्याच्या टरफलांचे. दिवाळीत कोणीतरी दिलेला ड्रायफ्रूटचा डबा संपवून टरफलं उगाच ठेवली होती (सासूबाई याला भंगार म्हणतात), ती उलटी करून वाकडीतिकडी चिकटवली आणि कडेला थोडा चहाचा रंग दिला, तर एकदम कुजके दात! डोळ्यांची भोकं मात्र मुद्दाम मोठी ठेवली आणि आतून काळी जाळीदार ओढणी चिकटवली. बाहेरून बघणाऱ्याला नुसती काळी पोकळी दिसते, आतून पोराला स्टेजच्या पायऱ्या स्वच्छ दिसतात. हनुवटीचा भाग ठेवलाच नाही, तिथे दाढी. सुतळीचे पीळ सोडवून जुन्या कंगव्याने विंचरायचे, घरभर तूस उडतं पण दाढी झकास होते, पांढरी नाही झाली, पिवळट झाली, चालतंय.

टोपीला मी आधी अर्धवर्तुळच कापणार होते, पण त्याने टोपी बुटकी आणि पसरट होते. पोराचं डोकं 52 सेंटिमीटर, टोपीची तिरकी बाजू 45 ठेवली तर कोन साधारण 66 अंशांचा लागतो, चिकटवायला थोडा जास्त धरायचा. कंपासपेटी परत कधी उघडेन असं वाटलं नव्हतं. टोकाला लाल लोकरीचा गोंडा. अंगात बाबांचा जुना काळा टी-शर्ट, खाली माझी लेगिंग दुमडून.

राहिली घुंगरं, आणि घुंगरांशिवाय संकासुर म्हणजे नुसता काळा माणूस. शेजारची ताई भरतनाट्यम शिकते, तिच्याकडे मागितली. तिने आधी नमस्कार केला, त्याच्याकडूनही करवून घेतला आणि मग स्वतः कमरेला बांधून दिली. सगळा खर्च 190 रुपये, सुतळी, लोकर, रंग आणि फुगे धरून.

त्याला सांगितलं होतं, तू काही बोलू नकोस, नुसता विंगेत उभा राहून कंबर हलव. लाइट कमी झाल्यावर ती घुंगरं वाजली ना, पुढच्या रांगेतल्या तुळशीने भोकाडच पसरलं, बिचारीच्या कुंडीसकट तिला उचलून न्यावं लागलं. त्याच्या आधी रबरी मास्कवाले दोघं येऊन गेले होते, महागाचे होते, पण आपण कुठे चाललोय हेच त्यांना दिसत नव्हतं आणि घाबरलं कोणीच नाही. परीक्षक बाईंनी मात्र माइकवर विचारलं, बाळ तू जादूगार का? बक्षीस उत्तेजनार्थ, स्टीलचा डबा.

पण खरी मजा नंतर. बी विंगमधले काका मूळचे चिपळूणचे, ते खुर्चीतून उठून आले आणि त्याच्या हातात वीस रुपये ठेवले. म्हणाले, संकासुर दारात आला की पोस्त द्यायचं असतं. एवढं ऐकायची खोटी, साहेब मुखवट्यासकट प्रत्येक मजल्यावर, बेल वाजवायची, कंबर हलवायची आणि "पोस्त!" म्हणून हात पुढे. मी मागे धावतेय, अरे हा शिमगा नाही, गणपती आहेत! लोक हसत होते आणि देत पण होते. रात्री मोजले तर 240 झाले. मी म्हटलं त्यातले 190 माझे. तो म्हणतोय घुंगरं त्याच्या कमरेला होती.