सेन्सर काढल्यावर ४.९ व्होल्ट, लावल्यावर ३.७

जुलैच्या भरपावसात एक पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक टो करून आली. आधी झटके, मग बंद. स्कॅनरवर पी०१०७ आणि पी०१२२ हे दोष-कोड, म्हणजे मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि थ्रॉटल पोझिशन (हवेची झडप किती उघडी ते सांगणारा) या दोन्ही सेन्सरचा सिग्नल खाली गेलेला. दोन्ही सेन्सर बदलून झाले होते, आता ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलायचं घाटत होतं.

या गाडीत दोन्ही सेन्सरना ५ व्होल्ट ईसीएमच्या एकाच पिनेतून मिळतात. मॅपचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढून मोजलं तर ४.९. आधीची तपासणी इथेच फसली होती. कपलर लावला, मागच्या बाजूने बारीक प्रोब सरकवला, तर ३.७, आणि हार्नेस (वायरांचा जुडगा) हलवला की त्याहून खाली. करंट जवळजवळ वाहतच नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लोड आला की त्याचं पितळ उघडं पडतं. पुरवठा कमी असल्याचा वेगळा कोड नव्हता, कारण ईसीएम तो आतल्या बाजूने तपासतो. म्हणजे आत ५ व्होल्ट शाबूत होते. घोळ बाहेर पडतानाच्या जोडात.

चावी बंद करून पाच मिनिटं थांबलो, बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि मगच ईसीएमच्या कपलरचा लिव्हर उघडला. रबर सील धडधाकट, तरी त्या एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर. मग पाणी शिरलं कुठून? कपलरपासून वीतभर अंतरावर सीएनजी किट बसवताना त्याच पिनेची वायर सोलून जोड दिला होता, वर नुसती टेप. तांब्याच्या तारांमधून पाणी वातीसारखं चढत थेट टर्मिनलपर्यंत पोचलं होतं. असा जोड दिसला की सीलवर विश्वास ठेवू नये.

ईसीएमच्या बाजूची पिन कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नायलॉन ब्रशने साफ केली. पॉलिश पेपर अजिबात नाही, मुलामा निघतो. पिन ज्यात बसते त्या मादी टर्मिनलमध्ये मल्टिमीटरचा जाड प्रोबही कधी खुपसू नये. ते पसरतं आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. पकड बघायला त्याच मापाची सुटी पिन घालून ओढावी, किंचित अडखळत यायला हवी. इथे वायर आतून काळी पडली होती, म्हणून स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडला, टोकाला नवं टर्मिनल क्रिंप केलं, म्हणजे पकडीने दाबून बसवलं. किटचा जोड सोल्डर करून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली.

सगळं जोडून, सेन्सर लावलेल्या अवस्थेत मोजलं: ४.९८. हार्नेस हलवला तरी आकडा स्थिर. जुनाच ईसीएम गाडीत राहिला.