खालून वर की वरून खाली

रविवार, रात्री साडेदहा

हाताला अजून ब्लीचिंग पावडरचा वास आहे. दोनदा साबण झाला, लिंबाची फोड चोळून झाली. जेवताना भातालाही तोच वास येत होता. असो.

काल सकाळी तळमजल्याच्या आजींनी दारातूनच बाटली पुढे केली. "पिऊ ना रे हे?" पाणी पांढरट, तांदूळ धुतल्यासारखं. मला घाई होती. "हवा आहे हो आजी त्यात. प्या, काही नाही होत," म्हणत मी फाटकापर्यंत पोचलोसुद्धा. झालं ते एवढंच. पण ते "प्या" कालपासून कानातून जात नाहीये.

पांढरं पाणी म्हणजे हवा, हे मी या बिल्डिंगमध्ये शंभरदा सांगितलं असेल आणि ते खोटं नाही. चावीवाल्याने रस्त्यावरचा व्हॉल्व्ह उघडला की रिकाम्या लाइनीत पाणी जोरात शिरतं, आतली हवा दाबाखाली पाण्यात मुरते. नळातून बाहेर पडताना दाब सुटतो, बारीक बुडबुडे होतात आणि पाणी दुधासारखं दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. काचेचा पेला भरून ओट्यावर ठेवायचा आणि दोन मिनिटं नुसतं बघायचं. हवा असेल तर बुडबुडे वर जातात, पेला खालून वर निवळत येतो. गाळ असेल तर उलटं, तो तळाशी बसत जातो आणि पेला वरून खाली निवळतो. गंजाचं पाणी तांबूस असतं, तेही थोड्या वेळाने तळाला बसतं. पण राखाडी छटा, निवळायचं नाव नाही आणि नाक जवळ नेलं की वास, असं असेल तर गटार कुठेतरी लाइनीत शिरलंय.

मी त्या बाटलीकडे दोन मिनिटं बघितलं नाही. दहा सेकंदही नाही.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट वाण्याकडे रांगेत उभा असताना ध्यानात आली. आजींचा नळ लाइनीवर नाहीच की! तळमजल्याचे थेट नळ कधीच बंद झाले. पाणी आधी जमिनीखालच्या सक्शन टाकीत पडतं, मोटारीने गच्चीवर चढतं आणि तिथून घराघरांत उतरतं. दोन-दोन टाक्यांमध्ये तासन्‌तास पडून राहिलेल्या पाण्यात लाइनीतली हवा टिकेल कशी? पाण्यात हवा मिसळणारा जाळीचा फेसाळ नळ असता तर एक वेळ समजलो असतो, त्यांचा तर जुना पितळी. म्हणजे मी दिलेलं उत्तर त्या पाण्याचं नव्हतंच. जुन्या प्लंबिंगचं होतं, पाठ झालेलं.

डाळ तिथेच ठेवून परत आलो.

ओटीची बाटली कपाटात होती. (ऑर्थोटोलिडिन. पालिकेची माणसं पाणी तपासायला आली की हेच थेंब टाकतात.) नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बाटलीवर लिहिलेले तेवढेच थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग लगेच बघायचा. लगेच पिवळा आला तर मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, आहे. पाच मिनिटांनी हळूच उमटणारा पिवळा फसवा असतो, तो अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा. तपासलेलं पाणी मोरीत ओतायचं, हात धुवायचे, द्रावण तोंडात जाऊ द्यायचं नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे ना, आयएस १०५००, त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक हवा म्हटलंय. म्हणजे रंग ताडून बघायच्या पट्टीवरचा सगळ्यात फिका पिवळा तरी दिसायला हवा.

आजींच्या स्वयंपाकघरातलं पाणी कोरं, पिवळ्याचा पत्ता नाही. गच्चीवरचं कोरं. सक्शनचंही कोरं.

बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं: प्यायचं पाणी खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट. तुरटीने गढूळपणा जातो, जंतू राहतात. नुसत्या कँडलच्या फिल्टरवर विसंबू नका. त्यावर पहिलं उत्तर काय, तर "इतके दिवस सेक्रेटरी झोपले होते का?" मानद चिटणीस म्हणे. त्यातला मान कुठे असतो ते एकदा मला दाखवा. रात्री दीडला मोटार बंद करायला मी, मीटरचं रीडिंग घ्यायला मी, टाकीचं झाकण उचलायला मी, आणि बॅटरी धरायला बाबू सोडून कुणी नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला मात्र जिन्यापर्यंत गर्दी. दुपारभर हेच उगाळत बसलो होतो, खोटं कशाला लिहू. तिसऱ्या मजल्याचं तर... जाऊ दे, त्यावर नको.

कबूल करायचं तर अजून एक आहे. काल रात्री मला मनापासून वाटत होतं की बिघाड बाहेरचा निघावा. मीटरजवळच्या नळालाही पाणी कोरं यावं, पालिकेच्या १९१६ ला फोन लावावा, तक्रार क्रमांक ग्रुपवर टाकावा आणि हात झटकावेत. कारणंही तयार होती. पाण्याची वेळ संपली की लाइन रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि सांधा गळका असेल तर शेजारच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. कुणी लाइनीलाच मोटार लावली असेल तर ते ओढणं आणखी वाढतं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये पहाटे काहीतरी घरघरतं हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. आपला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइपही गटाराला ओलांडूनच आत येतो.

आज पहाटे साडेचारला पाणी आलं. पहिली दहा मिनिटं नेहमीसारखी मोरीत सोडली, कारण पोकळीत शिरलेली घाण असलीच तर ती याच पाण्यात येते. मग मीटरजवळच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. लख्ख पिवळं.

म्हणजे पालिकेचं पाणी चांगलं. तानसा-वैतरणेकडून शंभरेक किलोमीटर आलेलं, भांडुपला गाळून क्लोरीन घातलेलं, वेरावलीच्या जलाशयातून पार्ल्यात उतरलेलं. आमच्या मीटरपर्यंत ठणठणीत. मीटरपासून टाकीपर्यंत पंधरा पावलं, त्यात त्याचा निकाल लागला.

कसा, ते कालच बॅटरी मारून बघितलं होतं, फक्त मानायला मन तयार नव्हतं. सक्शनच्या तोंडाची कडा. पूर्वी ती आवारापासून चांगली सहा इंच वर होती. मग पेव्हर ब्लॉक आले. ब्लॉक साठ मिलिमीटरचा, खाली दीड इंच वाळू, म्हणजे चार इंच झाले. जुना कोबा फोडून जमीन खाली घ्यायला हवी होती, पण फोडायचा आणि डेब्री उचलायचा खर्च वाचावा म्हणून ब्लॉक कोब्यावरच टाकले. कडा उरली दोन इंच. शुक्रवारी रात्रीच्या पावसात आवारात घोटाभर पाणी होतं. बिडाच्या झाकणाखालचं रबर कधीच कुजलेलं. आवारातलं पाणी, मांजरांचं, गाड्यांच्या चाकांचं, सगळं आत. क्लोरीन बिचारा त्या घाणीशी लढून संपला. पांढरटपणा कशाचा होता तेही कळलं: टाकीच्या भिंतीला आतून हात लावला तर बोटाला ब्लॉकखालची बारीक पांढरी भुकटी.

पालिकेचे मलेरियावाले गेल्या महिन्यातच बघून गेले होते. पण ते बघतात डासाला फट आहे का, झाकण बसतं का, गच्चीच्या टाकीला शिडी आहे का. जमिनीची उंची बघणं त्यांचं काम नाही. ते कुणाचं, हे विचारायची सोय नाही, कारण पेव्हरच्या कोटेशनवर सही माझी आहे. "कोबा न फोडता" ही ओळही माझ्याच अक्षरात, वर किती पैसे वाचले त्याचा हिशेब.

पहाटे टाकीचा स्टॉपकॉक बंदच ठेवला आणि सगळ्यांना मीटरच्या नळावर बोलावलं. कळशा, बादल्या, एकाने तर लग्नातलं पिंप काढलं. नळ एक, बारा घरं. भांडण एकच झालं, तेही किरकोळ.

मग टाकी. वरचं पाणी मोटारीने काढलं, शेवटचं फूटभर बादलीने. झाकण दोन तास उघडं, टेबल फॅन तोंडाशी. माणूस आत, दुसरा वर दोर धरून, आतल्याशी सतत बोलत. २०२५ च्या मार्चमध्ये नागपाड्यात टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीत पुरेसा प्राणवायू नसला तरी ते वरून दिसत नाही. कामवाला म्हणाला, "साहेब, इतकं कोण करतं?" तरी थांबवला त्याला. भिंती नायलॉनच्या ब्रशने घासल्या, तारेचा ब्रश नको, त्याने गिलावा उखडतो आणि ओरखड्यांमध्ये शेवाळ धरतं. ब्लीचिंगच्या पाण्याने भिंती पुसल्या, अर्धा तास ठेवलं, राखलेल्या पाण्याने दोनदा धुऊन ते पाणी बाहेर काढलं. गच्चीवर तेच. ओव्हरफ्लोच्या पाइपाला नवी जाळी. संध्याकाळी कडेभोवती विटांचे दोन थर.

मधेच आजी बघायला आल्या, काठी टेकत. मी म्हटलं, "आजी, काल मी चुकलो. ते पाणी प्यायला नको होतं." त्या म्हणाल्या, "मी कुठे प्यायले? मी उकळल्याशिवाय पीतच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून."

"मग विचारलंत कशाला?"

"अरे, तू दिसलास म्हणून. बोलायला."

घ्या. दोन दिवस जीव खाल्ला मी, आणि माझ्या शब्दावर तिथे कुणी पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. हसू आलं, थोडा रागही आला. मग वाटलं की बरंच आहे, आपल्या शब्दाला या बिल्डिंगमध्ये नेमकं जेवढं वजन असायला हवं तेवढंच आहे. पण दुसऱ्या मजल्यावरची पोरं थेट नळाला तोंड लावून पितात, शाळेतून आल्या आल्या. त्यांच्या आईला मी काल अजून काहीच सांगितलं नव्हतं, ग्रुपवर ती नाही. संध्याकाळी जाऊन सांगून आलो. म्हणाली, "धाकट्याचं पोट जरा बिघडलंय, पण तो आंबेही खातोय." काय बोलणार. साखर-मिठाचं पाणी द्या म्हटलं, तेही उकळलेल्या पाण्यात, आणि उद्या डॉक्टरांना दाखवा.

तरी ती बाटलीच डोळ्यांपुढे येते. आजींनी प्यायलं नाही याने माझं न बघणं भरून निघत नाही. दोन मिनिटं उभा राहिलो असतो तर तिथेच कळलं असतं, वरून खाली निवळतंय ते. कदाचित शनिवारची सकाळ वाचली असती. त्या पोराची.

उद्याचं लिहून ठेवतो, नाहीतर पहाटे सुचायचं नाही. सक्शन दहा हजार लिटरची. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ब्लीचिंग पावडर २५ ग्रॅम. वाण्याकडून वजन करून पुडी बांधून आणली आहे, डाळही आणली. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. आधी तिची पेस्ट, मग बादलीभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवायचं, वरचं निवळ तेवढं टाकीत, खाली बसलेला चुना मोरीत. टाकी भरल्यावर तासभर मोटार लावायची नाही. मग ओटी, आधी सक्शनला, नंतर आजींच्या नळाला. जुनी उघडी पावडर वापरायची नाही, तिच्यातला जोर उडून गेलेला असतो आणि आपण आपले थेंब टाकत बसतो.

गजर चार वीसचा. पाऊस पुन्हा सुरू झालाय. विटांचं सिमेंट ओलं आहे, त्यावर प्लॅस्टिक घातलंय आणि उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर उरलेले पेव्हर ब्लॉक ठेवलेत.