डिसेंबरात चिखलदरा, इलेक्ट्रिक गाडीने: घाट उतरताना रीजनच्या भरवशावर राहू नका

नागपूर ते चिखलदरा साधारण 230 किलोमीटर. अमरावतीपर्यंत हायवे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिथे गाडी चार्जिंगला लावा आणि गिला वडा खा. खरा मामला परतवाड्यापुढच्या घाटाचा, त्यातही परतीचा.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर, म्हणजे पायथ्यापासून अंदाजे 700 मीटर वर. चार माणसांसकट गाडी 1,800 किलोची धरली, तर उतरताना तीन-साडेतीन युनिट ऊर्जा सुटते. त्यातली दोनेक युनिटं मोटर गाडीला आवरता आवरता बॅटरीत परत भरते, यालाच रीजन (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) म्हणतात. फुकटची कमाईच.

पण आम्ही निघालो भल्या पहाटे. काचेवर दव, पारा सात-आठ अंशांवर. पहिल्या वळणाआधी पाय उचलला, तर गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी पळत सुटली. चार्ज जेमतेम 78 टक्के, रीजन सगळ्यात वरच्या लेव्हलला, तरी मीटरवरची हिरवी पट्टी हलेना. बाजूला बसलेले काका म्हणाले, ‘ब्रेक आहेत ना बाप्पा?’ होते, आणि तेच वापरले.

गार बॅटरी वीज देते, घ्यायला मात्र कुरकुरते. चार्ज होताना लिथियमचे आयन बॅटरीतल्या ग्राफाइटमध्ये शिरतात, थंडीत ते सावकाश शिरतात. जबरदस्ती केली तर वरच धातूचा थर बसतो आणि सेल कायमचा खराब होतो. म्हणून गाडीच येणारा करंट दाबून धरते. चढताना हे कळतही नाही. नागपुरात 29 डिसेंबर 2018ला 3.5 अंशांची नोंद झाली होती, पण शहरात फार तर सिग्नलला थोडं जाणवेल.

पेट्रोल गाडीसारखं दुसऱ्या गिअरवर उतरायची सोय इथे नाही. तेव्हा वेग आधीच कमी ठेवा. ब्रेकवर पाय टेकवून बसू नका, दाबा आणि सोडा, नाहीतर ब्रेक तापतात. हॉटेलात 15 अँपिअरच्या प्लगवर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवा, कारण भरलेल्या बॅटरीत रीजनला जागाच नसते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून 100 टक्के लागतात, ते नागपुरात घरी करा. जमलं तर गाडी रात्री छपराखाली लावा, सकाळी गाविलगड बघा आणि ऊन चढल्यावर उतरा. अमरावतीला पोचताच आधी फास्ट चार्जर लावा, जेवण नंतर: चालून आलेली बॅटरी गरम असते, चार्ज लवकर घेते.