आमची वाटचाल : सेल्फ-डायनॅमोपासून बॅटरी पॅकपर्यंत

गोव्यात फोंड्याजवळच्या कुर्टीचं आमचं वर्कशॉप वडिलांनी खनिजाच्या ट्रकांवर उभं केलं. सेल्फ, डायनॅमो, आर्मेचर भरणं, वायरिंग. उसगाव-धारबांदोड्याकडचे टिप्पर रात्री उशिरा यायचे आणि सकाळच्या पहिल्या खेपेला त्यांना निघायचं असायचं. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये काही काळ चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. आसपासच्या कित्येक गॅरेजांना कुलपं लागली. आम्हाला तारलं ते किनारपट्टीवरच्या भाड्याच्या गाड्यांनी.

विजेच्या गाड्या आमच्याकडे आल्या त्याही याच वाटेने. ऑगस्ट २०१९ मध्ये ईव्हीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, जानेवारी २०२०त टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, आणि जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं की जानेवारी २०२४ पासून पर्यटकांसाठी भाड्याने द्यायच्या नव्या गाड्या विजेवरच्या असाव्यात. या घोषणेने रेंट-अ-कॅबवाल्यांच्या पोटात गोळा आला. मला मात्र तिच्यात पुढचं काम दिसलं. तोवर मी हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो, आणि फर्मागुडीच्या आयटीआयतली दोन मुलं हाताशी होती.

या कामात घाई चालत नाही. आधी रबरी हातमोजे फुगवून त्यांना कुठे भोक नाही ना ते बघायचं आणि ते घालायचे, बारा व्होल्टची साधी बॅटरी काढायची, मग सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका) ओढायचा, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचं आणि व्होल्टेज शून्य आल्याची मीटरवर खात्री झाल्यावरच कव्हरला हात लावायचा. गोव्यात बॅटरीपेक्षा जास्त सतावतात ते कनेक्टर. हणजूण-मांद्र्याकडच्या गाड्यांत खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून तांब्याच्या पिनांवर हिरवा कळंक धरतो. वीज बाहेर फुटू न देणारं इन्सुलेशन कमकुवत होतं आणि गाडी स्वतःच चालायला नकार देते. मालकाला वाटतं, बॅटरी पॅक गेला, लाखोंचा खड्डा पडला. पुष्कळदा एक सील आणि एक कनेक्टर बदलला की गाडी रस्त्यावर येते.

अर्थात तो कनेक्टर मिळाला तर. जगभर गाजणारा आयात शुल्काचा वाद आमच्या दारात येऊन पोचतो तो इथे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरवली. कारण दिलं ते बॅटरीतले सेल स्वस्त झाल्याचं, आणि ते खरंच होतं. २०२२च्या अखेरीस आभाळाला टेकलेले लिथियमचे भाव वर्षभरात कोसळले होते आणि चीनमध्ये सेलचे कारखाने मागणीच्या पुढे धावत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात एमजीने विंडसर आणली : ९.९९ लाखांत गाडी, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. नवा गिऱ्हाईक खूश झाला. पण वर्षभरापूर्वी कर्ज काढून गाडी घेतलेला पेडण्याचा आमचा एक रेंट-अ-कॅबवाला हिशेबाची वही घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, हप्ता जुन्या किमतीचा भरतोय, पण विकायला काढली तर नव्या किमतीच्याही खाली मागतात." त्याचं बोलणं अगदी बरोबर होतं. स्पर्धेने किमती उतरतात तेव्हा आधी घेणारा भरडला जातो. आपल्याकडे हा आधी घेणारा बहुतेक वेळा दोन-तीन गाड्यांचा लहान मालक असतो.

या स्वस्ताईवर मोठ्या देशांनी काय केलं? अमेरिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये चिनी ईव्हीवरचं शुल्क २५ वरून थेट १०० टक्के केलं. युरोपीय संघाने ऑक्टोबरअखेर नेहमीच्या १० टक्क्यांवर कंपनीगणिक वेगळी भर घातली : चिनी कंपनी बीवायडीला १७, एमजीची मालक असलेल्या साइकला ३५.३, शांघायहून येणाऱ्या टेस्लाला ७.८. कोणाला सरकारी मदत किती मिळाली, याची चौकशी करून हे आकडे ठरवले होते. मला हाच मार्ग पटतो. सरसकट भिंत बांधली की आतल्या कंपन्या सुस्तावतात.

आपल्याकडे तयार आयात गाड्यांवर ७० टक्के आणि त्याहून जास्त शुल्क आहे. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये मुंबईत आलेली टेस्लाची मॉडेल वाय साठ लाखांच्या घरात गेली. मार्च २०२४च्या योजनेत केंद्राने एक दार उघडलं. इथे किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवून कारखाना काढणाऱ्याला ३५ हजार डॉलर व त्यावरच्या किमतीच्या गाड्या, वर्षाला जास्तीत जास्त ८ हजार, १५ टक्के शुल्कात पाच वर्षं आणता येतील, असं ठरलं. कारखाना इथे आला तर पोरांना काम मिळेल, म्हणून मी या धोरणाच्या बाजूचा आहे.

पण या साऱ्या चर्चेत गाडी म्हणजे शोरूममधली नवी गाडी. चौथ्या पावसाळ्यातल्या गाडीचं कोणी बोलत नाही. गाडीसोबत आलेल्या बॅटरीवर ५ टक्के जीएसटी, आणि तीच बॅटरी दुरुस्तीसाठी वेगळी घेतली की १८. एका गाडीचा ऑन-बोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेला चार्जर) गेला, तेव्हा संबंधित कंपनीने सुटा भाग द्यायला नकार दिला आणि पूर्ण युनिट मागवायला लावलं. ऐन डिसेंबरात, सीझनच्या तोंडावर, ती गाडी आमच्या शेडमध्ये कित्येक आठवडे उभी राहिली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा देशातल्या मोठमोठ्या दुचाकी कंपन्यांनाही उत्पादनाची चिंता पडली. मोटरमधलं एवढंसं चुंबक, पण त्यावाचून तयार गाडीवरचं कितीही शुल्क देशी कारखान्याला वाचवू शकत नाही. २०२५च्या अर्थसंकल्पात बॅटरी बनवण्याच्या ३५ यंत्रसामग्रींवरचं सीमाशुल्क माफ झालं, ते मला म्हणूनच योग्य वाटतं. कळीचे भाग इथे बनू लागले, तरच शुल्काला अर्थ आहे.

माझी मागणी साधी आहे. ज्या कंपनीला शुल्कात सवलत द्याल, तिच्याकडून सुटे भाग, वायरिंगचे नकाशे आणि तपासणीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या प्रशिक्षित गॅरेजांनाही वाजवी दरात मिळेल, असं करारातच लिहून घ्या. दुरुस्तीच्या बॅटरीवरचा कर ५ टक्क्यांवर आणा. फोंडा-डिचोली-काणकोणचा माणूस प्रत्येक बिघाडाला गाडी क्रेनवर घालून पणजी-वेर्ण्याला नेऊ शकत नाही.

आज आमच्या शेडमध्ये पॅक उतरवायची लिफ्ट आहे, सेल बॅलन्स करायचं, म्हणजे सगळ्या सेलचा चार्ज सारखा करायचं बेंच आहे, आणि शेजारी वडिलांचं आर्मेचर भरायचं मशीनही चालू आहे. यंदा आम्ही थ्री-फेज लोड वाढवायला अर्ज केला आहे आणि मुलांची दुसरी तुकडी शिकायला घेतली आहे. दर पावसाळ्याआधी टॅक्सी आणि रेंट-अ-कॅबवाल्यांच्या गाड्यांचे कनेक्टर, सील आणि इन्सुलेशन आम्ही विनामूल्य तपासून देतो. यंदाची तपासणी मे महिन्यात होईल. येताना चार्जिंगची केबलही सोबत आणा, निम्मे बिघाड तिच्यातच सापडतात.