आमची वाटचाल : काटा, कर्नल आणि अर्धी पावती

२००८ साली मारेगावात मी आणि माझ्या आतेभावानं जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) वजनकाट्याला कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम सुरू केलं. लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घेतली, कारण लायसन्सला पैसे नव्हते. उगाच तत्त्वाच्या गोष्टी सांगत नाही. पाच वर्षं बरी गेली, गिऱ्हाईकं सात झाली.

मग २०१३चा हंगाम आला. वणी रोडवरच्या शेठजींच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर, आणि आमचा डबा, म्हणजे काट्यावरचा कॉम्प्युटर, गोठला. माउस हलेना, पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं, नमलॉक दाबलं तर दिवा लागेना. या धंद्यातल्यांना सांगायला नको, नमलॉक मेलं म्हणजे बहुधा इंटरप्ट (सीपीयूला हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारे इशारे) मेले. बटन दाबून बंद-चालू केलं की मशीन सुतासारखी सरळ. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, गोठण्याआधीची ओळ, आणि त्याखाली थेट मशीन पुन्हा सुरू झाल्याची नोंद. मधलं काहीच नाही.

आठवड्यात तीनदा झालं. आम्ही यूपीएस बदलला, अर्थिंग नव्यानं केलं, रॅमच्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या. तेवढ्यात जिल्ह्याच्या गावातला एक काटेवाला (नाव घेत नाही, घ्यायची त्याची लायकी नाही) शेठजींच्या ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणाला, "फुकटाचं सॉफ्टवेअर हाय, फुकटावानीच चालन." महिन्याभरात सातातली चार गिऱ्हाईकं त्याच्याकडे. दोघांनी जुनी बाकीही दिली नाही. आतेभाऊ पुण्याला नोकरीवर गेला. त्याला दोष देत नाही, पण जाताना मल्टिमीटर घेऊन गेला.

शेठजी मात्र थांबले. "तू शोध बाप्पा. सापडलं त मले सांगजो, नाही सापडलं त दिवाळीनंतर पाहू." दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते!

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जागल करणारा असतो, वॉचडॉग. दर सीपीयूवर एक टायमर ४ सेकंदांनी वाजतो. त्या सीपीयूवरचं जागलीचं काम २० सेकंद चाललंच नाही, म्हणजे कर्नलमधलं कुणीतरी सीपीयू अडवून बसलंय, तर सॉफ्ट लॉकअप. पण इंटरप्टच बंद असतील तर टायमर तरी कसा वाजणार? तिथं एनएमआय लागतो, जो इंटरप्ट कुणाला दाबता येत नाही. तो १० सेकंदांच्या अंतरानं येऊन पाहतो की टायमरचा आकडा पुढं सरकला का. नसेल सरकला तर हार्ड लॉकअप. म्हणजे आमची मशीन मरताना ओरडत असणारच. पडद्यावर ग्राफिकल खिडकी गोठलेली, आणि डिस्कवर लिहायला वेळ कुणाला?

मदरबोर्डला स्वतःचा एक सिरियल पोर्ट (एकेक बिट पाठवणारी जुन्या पद्धतीची जोडणी) होता, रिकामा. त्यावर कर्नलचा कन्सोल, म्हणजे त्याचे संदेश, वळवला, नल मोडेम केबलनं (दोन कॉम्प्युटर थेट जोडायच्या सिरियल तारेनं) माझा जुना लॅपटॉप जोडला, मशीन सुरू होताना कर्नलला द्यायच्या ओळीत एनएमआय वॉचडॉगला पॅनिक लावलं (लॉकअप दिसला की कर्नलनं सगळं थांबवायचं) आणि पॅनिकनंतर १० सेकंदांनी रीबूट. तीन रात्री मी तिथंच रुईच्या गाठीवर झोपलो. थंडीत त्यासारखी गादी नाही, फक्त नाकात तंतू जातात.

तिसऱ्या रात्री लॅपटॉपवर ओळी धावल्या: हार्ड लॉकअप, सीपीयू ०. खालच्या ट्रेसमध्ये (त्या क्षणी कुठला कोड चालू होता त्याच्या यादीत) आमच्या चार-पोर्टी सिरियल कार्डाच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव. पावतीचा प्रिंटर त्याच कार्डाला होता. काट्यावर पळालो. मुनीम पावती प्रिंटरमधून फाडत होता. कागद संपला होता, पावती अर्धी. गाडी नंबर आला होता, वजन आलं नव्हतं.

कागद संपला की प्रिंटर हँडशेकची तार ("पाठव" किंवा "थांब" सांगणारी) खाली पाडतो. कार्ड अक्षर पुढे पाठवत नाही. आणि ड्रायव्हर स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, बाकीचे दारात गिरक्या घेत थांबतात) धरून, इंटरप्ट बंद ठेवून, "रिकामं झालं का" विचारत अनंत लूपमध्ये फिरतो. दुसरा कोर तोच लॉक मागायला आला की तोही अडकला. आम्हाला आधी दिसलं नाही, कारण मुनीम दरवेळी नवा कागद घालून मगच फोन करायचा! हंगामातच का, तर कागद हंगामातच संपतो.

ड्रायव्हरचा सोर्स कार्डासोबतच्या सीडीत होता. लूपला मोजणी लावली, मर्यादा झाली की लॉक सोडून बाहेर. सात ओळी.

जाता जाता एक. मेसेज नकोसे झाले म्हणून वॉचडॉगची मर्यादा शून्य करू नका, शून्य म्हणजे जागल्यालाच घरी पाठवणं. आणि डिस्क अडकून १२० सेकंदांनी येणारा हंग टास्कचा (एखादं काम खोळंबल्याचा) इशारा वेगळा, त्याला लॉकअप म्हणून गिऱ्हाईकाला घाबरवू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये एनएमआयवाला जागल्या बरेचदा नसतोच, तेही बघून घ्या.

चारांतली तीन गिऱ्हाईकं दोन हंगामांत परत आली. त्या काटेवाल्याकडेही तेच कार्ड निघालं. त्याचा पोऱ्या एका दुपारी दुकानात आला, "भाऊ, थे ड्रायव्हरचं काय केलं होतं तुमी?" मी पेन ड्राइव्हवर दिलं, चहा पाजला. नल मोडेम केबल दोन दिवसांसाठी मागून नेली. ती अजून आलेली नाही.